राजमुद्रेच्या आड झालेला खून

इज्रेल गावात राजवाड्याला लागून नाबोथचा द्राक्षमळा होता. इस्राएलचा राजा अहाब याला तिथे भाजीपाला करायचा होता. त्याने आधी सरळ मागणी केली : याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे. नाबोथने नकार दिला. वाडवडिलांची जमीन विकायची त्याची तयारी नव्हती आणि त्या समाजाच्या कायद्यालाही जमीन कायमची विकणं मान्य नव्हतं. जमिनीचा खरा मालक देव, माणसं नुसती कसणारी, अशी त्यामागची धारणा. राजा घरी येऊन पलंगावर तोंड फिरवून पडला, जेवायलाही उठेना. मग राणी ईजबेलने सूत्रं हातात घेतली. तिने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्यांवर राजमुद्रा उमटवली आणि ती गावच्या वडीलधाऱ्यांकडे धाडली. उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथला मानाच्या जागी बसवा आणि त्याने देवाला व राजाला शाप दिला अशी साक्ष द्यायला दोन गुंड उभे करा, असा हुकूम होता. वडीलधाऱ्यांनी तो तंतोतंत पाळला. नाबोथला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठेचून मारलं.

या खुनात नियमांची बाह्य चौकट कुठेही मोडलेली नाही. देहदंडासाठी किमान दोन साक्षीदार हवेत, असा नियम होता. म्हणून दोन साक्षीदार आणले गेले. खोटी साक्ष देणाऱ्याने दुसऱ्यावर जी शिक्षा आणू पाहिली, तीच त्याला द्यावी, असाही नियम होता. तो मात्र गावात कुणाला आठवला नाही. सही-शिक्का, साक्षी, निकाल, अंमलबजावणी सगळं चोख आणि एक निरपराध शेतकरी मेलेला. अहाब ताबा घ्यायला मळ्यात उतरतो, तेव्हा तिथे संदेष्टा एलीया उभा असतो. खून आणि लूट या दोन्हींचा जाब तो राजाला तोंडावर विचारतो.

हिब्रू शास्त्रांमधला ईश्वरी न्याय म्हटला की सदोमवर बरसलेली आग, नोहाचा जलप्रलय आणि मिसर देशावरच्या पीडा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतात. ज्यू लोक ज्यांना तनाख म्हणतात आणि ख्रिस्ती लोक जुना करार म्हणतात, त्या ग्रंथांत हे सगळं आहेच. पण न्यायाचा सर्वांत खोल विचार या आगी-प्रलयांत नाही. तो नाबोथच्या मळ्यासारख्या प्रसंगांत आहे, जिथे गुन्हेगाराच्या हातातच कायदा असतो आणि दाद मागायला जागाच उरलेली नसते. या ग्रंथांचा देव तिथे फिर्यादीच्या बाजूने उभा राहतो. शिवाय ज्या राजवंशांचा इतिहास हे ग्रंथ सांगतात, त्याच राजांची पापं ते नावानिशी लिहून ठेवतात. शेजारच्या साम्राज्यांच्या शिलालेखांत राजे फक्त जिंकतात. अश्शूरचा राजा तिसरा शल्मनेसर याच्या शिलालेखात अहाबचं नाव येतं ते इ.स.पू. ८५३ च्या कर्करच्या लढाईत २,००० रथ आणि १०,००० पायदळ घेऊन उतरलेला राजा म्हणून. हिब्रू ग्रंथात तोच अहाब एका मळ्यासाठी रुसून बसलेला आणि बायकोने करवलेल्या खुनाचा लाभ घेणारा माणूस आहे.

हा एलीया महाराष्ट्राला परका नाही. कोकणातल्या बेने इस्रायली समाजाचा एलियाहू हनाबी तो हाच. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' नावाने ओळखला गेलेला हा समाज लग्नाआधी, नवस फेडताना, नव्या घरात जाताना त्याच्या नावाने मलिदा करतो. भिजवलेले पोहे, खोबरं, गोड आणि फळं असा तो साधा प्रसाद. अलिबागजवळच्या खंडाळा गावात त्याच्या रथाची खूण खडकावर उमटली, अशी या लोकांची श्रद्धा आहे. संकटात धावून येणारा म्हणून ज्याला हाक मारली जाते, त्याने एके काळी एका शेतकऱ्यासाठी राजाला अडवलं होतं, हे आठवलं की त्या श्रद्धेची मुळं नीट दिसतात.

एलीयाने सुनावलेल्या निकालाची पुढची वाट मात्र सरळ नाही. अहाब कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, उपास धरतो. तेव्हा त्याच्या घराण्यावरचं संकट त्याच्या मुलाच्या कारकिर्दीपर्यंत पुढे ढकललं जातं. वाचकाला इथे खटकतं आणि खटकायलाच हवं : बापाने पश्चात्ताप केला म्हणून शिक्षा मुलाच्या वाट्याला का? पुढे येहू नावाचा सेनापती बंड करतो, अहाबच्या मुलाचं प्रेत नाबोथच्याच जमिनीवर फेकायला लावतो, ईजबेलला खिडकीतून खाली टाकायला सांगतो आणि राजघराण्यातल्या ७० मुलांची मुंडकी टोपल्यांत भरून मागवतो. राजांच्या पुस्तकात या कामाबद्दल देव येहूला शाबासकी देतो. पण साधारण शंभर वर्षांनी, येहूचा पणतू गादीवर असताना, होशेय हा संदेष्टा त्याच देवाच्या नावाने नेमकं उलटं सांगतो : इज्रेलमध्ये सांडलेल्या रक्ताबद्दल येहूच्या घराण्याला शिक्षा होणार आहे. म्हणजे नाबोथच्या खुनाचा सूड हाही एक गुन्हाच ठरला. पवित्र म्हणवणाऱ्या ग्रंथाने आपल्याच एका पानावरचा निकाल दुसऱ्या पानावर फिरवावा आणि संपादकांनी दोन्ही पानं जपून ठेवावीत, याला मोठं धैर्य लागतं. तो येहू आज ब्रिटिश म्युझियममध्ये पाहायला मिळतो. निमरूदला सापडलेल्या काळ्या दगडी स्तंभावर तो किंवा त्याचा दूत शल्मनेसरसमोर जमिनीवर माथा टेकून खंडणी देताना कोरलेला आहे.

जुन्या करारातला देव सूड घेणारा आणि नव्या करारातला प्रेम करणारा, असं सर्रास म्हटलं जातं. हे विधान जुनं आहे आणि चुकीचंही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या शिक्षकाने हे दोन वेगळे देवच आहेत, असं शिकवायला सुरुवात केली, तेव्हा रोमच्या चर्चने त्याला बाहेर काढलं. विचार मात्र गेला नाही. ज्यू म्हणजे कठोर कायदा आणि ख्रिस्ती म्हणजे दया ही जोडी युरोपात शतकानुशतकं चालली. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला कोर्टाचा प्रसंग तिच्यावरच उभा आहे. आणि त्या जोडीची किंमत नाटकातल्या शायलॉक या ज्यू सावकाराने नाही, खऱ्या ज्यू माणसांनी मोजली.

'डोळ्याच्या बदल्यात डोळा' या नियमाचंच पाहा. तो रानटी वाटतो. पण शेजारी बाबेलचा राजा हम्मुराबी याचा कायदा ठेवला की चित्र पालटतं. तो कायदा कोरलेला इ.स.पू. अठराव्या शतकातला शिलास्तंभ आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात प्रतिष्ठित माणसाचा डोळा फोडला तर डोळा, सामान्य माणसाचा फोडला तर चांदी आणि गुलामाचा फोडला तर त्याच्या मालकाला निम्मी किंमत. बांधलेलं घर कोसळून घरमालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला मारावं, असंही तिथे लिहिलेलं आहे. हिब्रू कायद्यात गुलामाचा डोळा किंवा नुसता दात गेला तरी त्याला मुक्त करावं लागतं आणि बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला ठार मारायला स्पष्ट मनाई आहे. याचा अर्थ तो कायदा आजच्या मापाने न्याय्य होता, असा नाही. मार खाल्लेला गुलाम एक-दोन दिवस जगला तर मालकाला शिक्षा नाही, कारण गुलाम ही त्याची मालमत्ता, हे वाक्यही त्याच प्रकरणात आहे आणि ते वाचताना आजही अंगावर काटा येतो.

पुढे ज्यू धर्मपंडितांनी डोळ्याच्या बदल्यात डोळा म्हणजे पैशाची भरपाई, असा अर्थ पक्का केला आणि तिची पाच कलमं ठरवली : शरीराचं नुकसान, वेदना, उपचारांचा खर्च, बुडालेला रोजगार आणि अप्रतिष्ठा. आपल्याकडच्या मोटार अपघात दाव्यांत वकील ज्या मुद्द्यांवर भांडतात, त्यांतले बरेचसे या यादीत आहेत. प्रत्यक्ष डोळा फोडण्याला पंडितांचा आक्षेप न्यायाच्याच बाजूने होता. एकाचा डोळा मोठा, दुसऱ्याचा लहान. एक आधीच एका डोळ्याने अधू, दुसरा धडधाकट. मग शिक्षा सारखी कशी होणार?

दावीद राजाची गोष्ट अहाबपेक्षाही अवघड आहे, कारण दावीद खलनायक नाही. तो या परंपरेचा लाडका राजा. सैन्य लढाईवर गेलेलं असताना हा राजवाड्याच्या गच्चीवरून बथशेबेला पाहतो, बोलावून घेतो. ती गरोदर राहते. तिचा नवरा उरीया हित्ती आघाडीवरून परत बोलावला जातो, पण सोबती उघड्यावर झोपत असताना तो घरी जाऊन झोपायला तयार होत नाही. तेव्हा दावीद त्याच्याच हाती सेनापतीसाठी पत्र देतो. उरीयाला लढाईच्या अगदी तोंडावर उभं करून बाकीच्यांनी मागे हटावं, असं त्या पत्रात लिहिलेलं असतं. आपल्या मृत्यूचा हुकूम उरीया स्वतः घेऊन जातो.

मग नाथान संदेष्टा दरबारात येऊन एका श्रीमंताने एका गरिबाची एकुलती एक मेंढी कशी बळकावली, ती फिर्याद मांडतो. राजा संतापतो, तो माणूस मरायलाच हवा, त्याने चौपट भरपाई द्यावी, असा निकाल देतो. चोरून मारलेल्या मेंढीची चौपट भरपाई हा कायद्यातलाच दर आहे. नाथान त्या निकालाचं टोक राजाकडे वळवतो. दावीद कबूल करतो. त्याला मृत्युदंड होत नाही. पण बथशेबेच्या पोटी जन्मलेलं बाळ सातव्या दिवशी मरतं. पुढे दावीदाचा मुलगा अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो. बाप रागावतो, पण करत काहीच नाही. तामारचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनाचा खून करतो, बापाविरुद्ध बंड करतो, गच्चीवर तंबू ठोकून बापाच्या दहा उपपत्नींना भ्रष्ट करतो आणि शेवटी स्वतःही मारला जातो. ज्यू परंपरेने हिशेब मांडला की राजाने स्वतःच सांगितलेली चौपट भरपाई त्याच्या चार लेकरांच्या रूपाने वसूल झाली : ते बाळ, तामार, अम्नोन आणि अबशालोम.

हिशेब जुळतो, पण न्याय होत नाही. बाळाने काय केलं होतं? तामारने काय केलं होतं? बंड मोडल्यावर त्या दहा स्त्रियांना जन्मभर कोंडून ठेवलं गेलं. त्यांचा गुन्हा कोणता? गुन्हा राजाचा आणि भोग मुलाबाळांचे, बायकांचे, प्रजेचे, हे या पुस्तकात पुन्हा पुन्हा घडतं. दावीदाने केलेल्या शिरगणतीबद्दल पुढे साथ येते आणि ७०,००० माणसं मरतात. तेव्हा खुद्द दावीद देवाला विचारतो की पाप आपण केलं, या मेंढरांनी काय केलं? ग्रंथात या प्रश्नाला उत्तर नाही, पण तो गाळलेलाही नाही. तामारची कहाणीही गाळलेली नाही. तिने अम्नोनाला केलेली विनवणी, नंतर फाडलेला झगा, डोक्यावर घातलेली राख, भावाच्या घरी उजाड होऊन राहणं हे सगळं तिथे आहे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, त्यात हीदेखील होती. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. उलट, तनाखमधल्याच 'इतिहास' नावाच्या पुस्तकाच्या लेखकाने दावीदाची कथा नंतरच्या काळात पुन्हा सांगितली, तेव्हा बथशेबेचं सगळं प्रकरणच वगळलं. राजाची प्रतिमा स्वच्छ ठेवण्याचा मोह तेव्हाही होता. तनाखमध्ये दोन्ही पुस्तकं आहेत, त्यामुळे वगळलेलं काय ते कुणालाही दिसतं.

मराठी वाचकाच्या मनात इथे कर्मसिद्धांत आल्याशिवाय राहणार नाही. या जन्मी फळ दिसलं नाही तर पुढच्या जन्मी, आणि आजच्या दुःखाचं कारण मागच्या जन्मी, ही सोय आपल्याकडे आहे. हिब्रू शास्त्रांत ती नाही. तिथे पुनर्जन्म नाही. बहुतेक पुस्तकांत स्वर्ग-नरकाचा निवाडाही नाही. मेलेले सगळे, राजा असो की गुलाम, शिओल नावाच्या अंधाऱ्या अधोलोकात जातात. मृतांना उठवून त्यांचा न्याय होईल, हे स्पष्टपणे येतं ते दानीएलाच्या पुस्तकात आणि अभ्यासक त्या भागाचा काळ इ.स.पू. दुसरं शतक मानतात. म्हणजे आधीची कित्येक शतकं न्याय व्हायचा तर याच जन्मी, याच जमिनीवर. तो गुन्हेगाराच्या हयातीत झाला नाही तर त्याच्या मुला-नातवंडांवर येणार, किंवा सगळ्या राष्ट्रावर. तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंतच्या शिक्षेची भाषा येते ती याच कोंडीतून.

आणि तिच्याविरुद्धचं बंडही आतूनच झालं. यहूदा या दक्षिणेकडच्या राज्यात योवाश राजाचा खून झाला, तेव्हा त्याच्या मुलाने, अमस्याने, खुन्यांना मारलं पण त्यांच्या मुलांना हात लावला नाही. कायद्याचा हवाला देऊन ग्रंथाने त्याची नोंद घेतली. पुढे बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने इ.स.पू. ५९७ मध्ये यरुशलेमच्या राजासह हजारोंना बाबेलला नेलं आणि दहा वर्षांनी शहर व मंदिर जाळलं. कबार कालव्याच्या काठी राहणाऱ्या त्या निर्वासितांमध्ये एक म्हण फिरत होती. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात आंबले मुलांचे, असा तिचा आशय. यहेज्केल हा त्यांच्यातलाच एक पुरोहित. त्याने ही म्हण पुन्हा उच्चारू नका, असं बजावलं आणि वकिलासारखी प्रकरणं मांडली : नीतिमान बाप, दुष्ट मुलगा, नीतिमान नातू, प्रत्येकाचा हिशेब ज्याचा त्याचा. आणि दुष्टाच्या मरणात देवाला आनंद नाही, तो वळला तर जगेल. सगळं गमावलेल्या तरुण पिढीला हे ऐकण्याची केवढी गरज असेल! पूर्वजांच्या पापाखाली दबून बसायचं नाही, एवढी मोकळीक त्यांना मिळाली.

प्रत्यक्ष इतिहास मात्र यहेज्केलच्या मांडणीत बसत नव्हता. यहूदाचा सर्वांत दुष्ट म्हणून नोंदलेला राजा मनश्शे. त्याने ५५ वर्षं राज्य केलं आणि तो अंथरुणात मेला. त्याचा नातू योशीया सर्वांत धार्मिक, तो इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दोला मिसरच्या फारोकडून मारला गेला. राजांचं पुस्तक हे तसंच ठेवतं आणि राज्याच्या विनाशाचं खापर मनश्शेवर फोडतं. इतिहासाच्या पुस्तकाला ते पटत नाही. तिथे मनश्शे साखळदंडात बाबेलला नेला जातो, पश्चात्ताप करून परत येतो, म्हणून त्याचं दीर्घायुष्य समजण्यासारखं होतं; आणि योशीया मरतो कारण त्याने फारोच्या तोंडून आलेला देवाचा इशारा ऐकला नाही. दुसऱ्या लेखकाला जगाचा हिशेब जुळवायचा होता. पहिल्याने तो न जुळलेला सोडला आणि त्याचंच लिहिणं अधिक खरं वाटतं.

संदेष्ट्यांमध्ये आमोसचा आवाज सर्वांत थेट. तकोवाचा हा मेंढपाळ, उंबराच्या जातीच्या झाडांची निगा राखणारा, इ.स.पू. आठव्या शतकाच्या मध्यावर उत्तरेकडच्या इस्राएल राज्यात बेथेलच्या राजमंदिरात जाऊन बोलला. आधी त्याने शेजाऱ्यांचे गुन्हे वाचले : दिमिष्क, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे खूश झाले असणार. मग त्याने यहूदाचं आणि त्यानंतर ऐकणाऱ्यांच्याच इस्राएलचं आरोपपत्र वाचलं. त्यात मूर्तिपूजेपेक्षा जास्त जागा बाजाराला आहे. धान्याचं माप लहान, वजन मोठं, तराजू खोटा, गव्हाबरोबर भुसा विकणं, जोडाभर वहाणांसाठी गरिबाला विकणं. मराठीत ज्याला मापात पाप म्हणतात, तेच अक्षरशः देवाच्या दरबारात राष्ट्रद्रोहाच्या पंक्तीला बसवलेलं. मंदिराच्या पुरोहिताने आमोसला हाकलून दिलं. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने इस्राएलची राजधानी शोमरोन घेतली. अश्शूरचा राजा सार्गोन याच्या शिलालेखांत २७ हजारांहून अधिक माणसं तिथून नेल्याचा दावा आहे. त्या रांगांत खोटा तराजू धरणारे किती आणि त्या तराजूने नागवलेले किती, हे आमोसचं पुस्तक सांगत नाही. नागवलेलेच जास्त असणार, कारण कुठल्याही राज्यात त्यांचीच संख्या मोठी.

इथेच एक गोष्ट झाकून चालणार नाही. याच शास्त्रांत कनानी शहरं बायकामुलांसह मारून टाकण्याचे आदेश देवाच्या तोंडी आहेत. अमालेकी लोकांच्या तान्ह्या बाळांनाही न सोडण्याचा हुकूम आहे. १९५० च्या दशकात कॅथलीन केन्यन यांनी यरीहोत उत्खनन केलं. कनान जिंकणाऱ्या यहोशवाच्या काळाशी जुळेल अशी कोसळलेली तटबंदी त्यांना सापडली नाही आणि यातल्या बऱ्याच कत्तली घडल्याच नसाव्यात, असं अनेक अभ्यासक मानतात. त्याने इतिहासाचा भार हलका होतो. मजकुराचा होत नाही. पाळण्यातल्या बाळाला गुन्हेगार ठरवणारा न्याय, तो कुणाच्याही नावाने सांगितलेला असो, न्याय नाही. असं म्हणताना यहेज्केलचाच आधार घेता येतो.

हे सगळे प्रश्न एका माणसाच्या अंगणात आणून उभे करणारं पुस्तक म्हणजे ईयोब. ७,००० मेंढरं, ३,००० उंट, सात मुलगे, तीन मुली आणि स्वच्छ चारित्र्य असलेला हा माणूस सगळं गमावून राखेत बसतो. तीन मित्र सांत्वनाला येतात. पहिले सात दिवस ते गप्प बसतात आणि त्यांनी केलेलं एवढंच काम चांगलं. मग ते बोलू लागतात : देव अन्याय करत नाही, त्याअर्थी तुझ्या हातून काहीतरी घडलं असणार, आठव, कबूल कर. ईयोब कबूल करत नाही. तो देवालाच कोर्टात खेचू पाहतो, आरोपपत्र लेखी द्या म्हणतो. शेवटी देव वावटळीतून बोलतो, पण ईयोब का सोसतोय हे सांगतच नाही. मात्र निकाल देतो : देवाची बाजू घेणारे मित्र चुकले आणि त्याच्याशी भांडणारा ईयोब बरोबर बोलला. पुढे ईयोबला त्याची संपत्ती दुप्पट परत मिळते. हिब्रू कायद्यात दुप्पट भरपाई चोराने द्यायची असते, हे अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेलं नाही.

ईयोबच्या मित्रांचा युक्तिवाद अजून संपलेला नाही. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं मेली. ही अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वरी शिक्षा आहे, असं गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो 'हरिजन'मध्ये छापून उत्तर दिलं. गांधीजी आमोसच्या जागेवरून बोलत होते. त्यांचं बोट स्वतःच्या समाजाकडे होतं, दुबळ्यांकडे नव्हतं. तरीही टागोरांचंच बरोबर होतं. घर अंगावर पडून मेलेल्यांत अस्पृश्यता पाळणारे होते तसे ती सोसणारेही होते आणि धरणीकंप दोघांत फरक करत नाही. साथ, महापूर, दुष्काळ आला की कुणीतरी आजही सोसणाऱ्यांच्या पापाचा शोध सुरू करतो. त्या प्रत्येकाला ईयोबच्या पुस्तकातला देवाचा निकाल वाचून दाखवायला हवा.

मग या शास्त्रांप्रमाणे माणसांनी करायचं काय? तनाखमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातला एक विधी यासाठी फार मोलाचा आहे. रानात प्रेत सापडलं आणि खुनी कोण ते कळलं नाही, तर अंतर मोजायचं आणि सर्वांत जवळच्या गावाच्या वडीलधाऱ्यांनी तिथे जायचं. नांगराला न जुंपलेली कालवड वाहत्या ओढ्याच्या खोऱ्यात मारायची, तिच्यावर हात धुवायचे आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही, असं सांगायचं. इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या ज्यू पंडितांच्या नियमसंग्रहात यावर प्रश्न आहे : वडीलधारे खुनी असतील, असा कुणाला संशय तरी येईल का? त्यावरचं उत्तर असं की त्यांनी जाहीर करायचं असतं ते वेगळंच. हा माणूस आमच्या गावात आला तेव्हा आम्ही त्याला उपाशी पाठवलं नाही, सोबतीशिवाय सोडलं नाही, हे त्यांना छातीठोकपणे सांगता आलं पाहिजे. गुन्हेगार सापडत नसेल तर चौकशी गावाच्या व्यवस्थेची होणार. याच मिश्नात असंही लिहिलं आहे की खुनी वाढले तेव्हा हा विधी बंद झाला.

योम किप्पूरच्या म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी जगभरच्या सिनेगॉगमध्ये योनाचं पुस्तक वाचतात. निनवे ही अश्शूरची नगरी, शत्रूची. ती पश्चात्ताप करते आणि वाचते. तिला शिक्षा व्हावी म्हणून तळमळणारा संदेष्टा योना देवावर रुसतो. पण त्याच दिवसाबद्दल मिश्नाचा नियम कडक आहे : देवाविरुद्धचं पाप या दिवसाने धुतलं जातं, माणसाविरुद्धचं नाही. ज्याचं नुकसान केलं, त्याचं आधी समाधान करायचं. लेवीय पुस्तकाने तर दरच ठरवला होता : लुबाडलेली वस्तू, वर तिचा पाचवा हिस्सा, आणि हे मालकाच्या हातात पडल्यावरच दोषार्पण देवापुढे.

पंडितांनी हा नियम थेट टोकापर्यंत नेऊन तपासला. एकाने दुसऱ्याची तुळई चोरली आणि तिच्यावर आपलं अख्खं घर उभारलं. आता परत कशी करायची? शम्माय या पंडिताच्या पक्षाने सांगितलं की घर पाडा आणि तीच तुळई परत द्या. हिल्लेल या पंडिताच्या पक्षाने सांगितलं की तुळईची किंमत द्या, नाहीतर पश्चात्तापाला निघालेला माणूस दारातूनच मागे फिरेल. व्यवहारात हिल्लेलचं मत चाललं आणि ते योग्यच झालं. घर पाडावं लागणार असेल, तर चोर चोरी कधीच कबूल करणार नाही, आणि तुळईच्या मालकाच्या हाती ना तुळई पडेल ना पैसा.